मीठ, पाणी आणि तांदूळ : ताकेहारा येथील एका मद्यकार घराण्याची कथा

जपानच्या होन्शू बेटाचा पश्चिम भाग आणि शिकोकू बेट यांच्या दरम्यान लहानमोठ्या बेटांनी भरलेला जो शांत जलाशय पसरला आहे, त्यास सेतोचा अंतर्गत समुद्र म्हणतात. या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर, हिरोशिमा शहराच्या पूर्वेस, ताकेहारा नावाचे एक जुने गाव आहे. पूर्वीच्या आकी प्रांतातील ही वसाहत मध्ययुगात क्योतो येथील शिमोगामो देवस्थानाच्या इनामात मोडत असे. या जुन्या नात्यामुळे आणि येथील घरांच्या डौलामुळे लोक आजही तिला ‘आकीचे छोटे क्योतो’ म्हणतात. टेकडीवर साइहोजी हे बौद्ध मंदिर; त्याच्या पायथ्याशी अरुंद रस्ता; रस्त्याच्या दोन्ही अंगांस काळसर कौलांची लाकडी घरे आणि त्यांच्या खिडक्यांना बारीक गजांच्या सुबक जाळ्या. याच वस्तीत ताकेत्सुरु घराण्याची मद्यशाळा आहे. तांदळापासून साके तयार करण्याचे काम या घराण्याने 1733 साली, म्हणजे आपल्याकडे पहिला बाजीराव पेशवाईच्या गादीवर होता त्या काळी, हाती घेतले. ते अद्याप चालू आहे.

मद्याविषयी आपल्या समाजात जी साशंक दृष्टी आहे ती अकारण नाही, आणि मद्याची भलामण करावी असा येथे हेतूही नाही. परंतु जपानात साके हे केवळ पेय नव्हे. देवळातील नैवेद्यात त्याला स्थान आहे आणि विवाहविधीत वधूवर त्याचेच घोट घेतात. शिवाय एखादे घराणे एकच व्यवसाय पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ कसे चालवते, कोणत्या अडचणींतून वाट काढते आणि घरचा मुलगा दुसऱ्या वाटेने गेला तर काय होते, हे प्रश्न कोणत्याही परंपरागत व्यवसायाला लागू पडणारे आहेत. ताकेत्सुरु घराण्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

या इतिहासाचा आरंभ साकेने होत नाही, मिठाने होतो. सतराव्या शतकाच्या मध्यास ताकेहारा येथे समुद्र हटवून भातशेतीसाठी नवी जमीन तयार करण्यात आली. परंतु त्या जमिनीत खारे पाणी झिरपत राहिले आणि भाताचे पीक येईना. एवढा खर्च करून काढलेली जमीन वाया जाणार अशी चिन्हे दिसू लागली. तेव्हा पूर्वेकडील आको येथील जाणकारांचे साहाय्य घेऊन 1650 साली तेथे मिठागरे घालण्यात आली. भाताला जी जमीन नकोशी होती, तिने मिठाच्या रूपाने गावाला वैभव दिले.

ही मिठागरे कोकणातील वा गोव्यातील आगरांसारखी नव्हती. आपल्याकडे उन्हाळा कडक आणि पावसाचा हंगाम ठरलेला. त्यामुळे कोंड्यांत घेतलेले समुद्राचे पाणी उन्हातच आटून मिठाचे खडे बनतात. जपानात वर्षभर केव्हाही पाऊस येतो. म्हणून तेथे भरतीचे पाणी बांधांच्या आत घेऊन ते वाळूच्या थरातून वर चढू देत, ऊन लागून वाळूच्या कणांवर क्षार जमले की ती वाळू गोळा करीत, तिच्यावर पाणी ओतून दाट मिठवणी काढीत आणि ते भट्टीवर आटवून मीठ करीत. काम मोठ्या कष्टाचे होते. पण ताकेहाराचे मीठ गलबतांतून दूरदूरच्या बंदरांत जाऊ लागले आणि परतीच्या गलबतांतून इतर मालाबरोबर तांदूळही येऊ लागला. मिठागरांच्या मालकांपाशी पैसा साठला. अशा मालकांपैकी एक म्हणजे ताकेत्सुरु घराणे.

पैसा आणि तांदूळ हाताशी आल्यावर या घराण्याने मद्यनिर्मितीकडे लक्ष वळवले. दोन्ही धंद्यांचे वेळापत्रकही एकमेकांस पूरक होते. मिठाचे काम उन्हाचे, तर साकेचे काम थंडीचे. घराण्याच्या पेढीचे नाव ‘ओझासाया’. ‘ताकेत्सुरु’ या आडनावातील ‘ताके’ म्हणजे बांबू आणि ‘त्सुरु’ म्हणजे क्रौंच पक्षी. घरामागच्या बांबूच्या बनात एका क्रौंचाने घरटे केले, तो शुभशकुन मानून हे नाव घेतले, अशी आख्यायिका घराण्यात सांगितली जाते.

साके कशी तयार होते हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण पुढील साऱ्या घटनांचे मर्म त्यातच आहे. तांदूळ प्रथम सडून घेतात. आपण जेवणात वापरतो त्या पांढऱ्या तांदळाचा बाहेरचा सुमारे दहावा हिस्सा सडताना निघून जातो. साकेसाठी बहुधा तीस टक्के वा त्याहून अधिक भाग काढून टाकतात, कारण दाण्याच्या बाहेरच्या थरातील स्निग्धांश व प्रथिने यांनी चव जड होते. मग तांदूळ धुऊन, भिजवून, वाफेवर शिजवतात. येथवर काही विशेष नाही. विशेष आहे ते यापुढे.

तांदळात साखर नसते, पिष्ट असते. आणि किण्व, म्हणजे यीस्ट, पिष्टाचे मद्य करू शकत नाही. त्याला साखर लागते. द्राक्षात साखर आयतीच असते. जव भिजवून मोड आणले म्हणजे त्यातील पिष्टाची साखर होऊ शकते, हे तत्त्व युरोपातील बिअरमध्ये वापरले जाते. जपानने तिसरी वाट काढली. वाफवलेला तांदूळ उबदार खोलीत पसरून त्यावर ‘कोजी’ नावाच्या बुरशीचे बीज भुरभुरतात. सुमारे दोन दिवस, रात्री-अपरात्री उठून, तो तांदूळ हाताने मोकळा करीत आणि त्याची उष्णता सांभाळीत बसावे लागते. शिळ्या अन्नावर बुरशी आली की आपण ते फेकून देतो. येथे बुरशी तळहातावरच्या फोडाप्रमाणे जपली जाते. ती दाण्यात शिरते आणि तिच्यातील पाचक द्रव्ये पिष्टाची साखर करू लागतात. जपानी स्वयंपाकातील सोया सॉस आणि मिसो हे पदार्थही याच बुरशीच्या साहाय्याने बनतात.

यानंतर कोजी, वाफवलेला तांदूळ आणि पाणी यांच्या मिश्रणात किण्वाची भरपूर वाढ करून विरजण तयार करतात. आपल्याकडे इडलीचे पीठ आंबवताना जे घडते त्याच्याशी याचे दूरचे नाते आहे. हे विरजण मोठ्या पिंपात घालून त्यात कोजी, तांदूळ आणि पाणी तीन हप्त्यांत, चार दिवसांत मिसळतात. पहिल्या हप्त्यानंतर एक दिवस विश्रांती देतात, कारण एकदम सारे ओतले तर किण्व विरळ होऊन परके जंतू शिरजोर होण्याचे भय असते. पुढे तीन-चार आठवडे पिंपात दोन क्रिया एकाच वेळी चालतात: कोजी पिष्टाची साखर करीत असते आणि किण्व त्या साखरेचे मद्य करीत असते. साखर थोडी थोडी तयार होऊन लगेच खपत असल्यामुळे किण्व दमत नाही, आणि ऊर्ध्वपातन न करताच मद्यार्काचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास जाते. गोव्याची फेणी भट्टीवर ऊर्ध्वपातनाने काढतात. साके तशी काढलेली नसते. ती आंबवून, पिळून व गाळून घेतलेली असते. शेवटी ती साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे नासत नाही. पाश्चराने या क्रियेचे शास्त्र सांगितले ते एकोणिसाव्या शतकात. जपानी मद्यकार ती सोळाव्या शतकापासून करीत आले आहेत.

हे सारे काम ज्याच्या देखरेखीखाली चालते त्या प्रमुख कारागिरास ‘तोजी’ म्हणतात. पूर्वी हे कारागीर शेतकरी वा कोळी असत. शेताची कामे आटोपली की थंडीत ते आपली टोळी घेऊन मद्यशाळेत येत, वसंतापर्यंत तेथेच राहत आणि मग घरी परतत. मालक भांडवल आणि तांदूळ पुरवी. पिंपात काय चालले आहे हे तोजी जाणे. फसफसण्याच्या आवाजावरून, वासावरून आणि फेसाच्या रूपावरून तो निर्णय घेई. नवी साके तयार झाली की मद्यशाळेच्या वळचणीला सुगी वृक्षाच्या हिरव्या डहाळ्यांचा एक मोठा गोळा टांगण्याची प्रथा आहे. महिने लोटतात तसा तो गोळा तपकिरी होत जातो, आणि आतील साके कितपत मुरली आहे हे रस्त्याने जाणाऱ्यासही कळते.

आता पाण्याचा प्रश्न. साकेचा फार मोठा भाग पाण्याचा असतो. कोबेजवळील नादा हा प्रदेश साकेसाठी सर्वांत प्रसिद्ध होता आणि त्याचे रहस्य तेथील पाण्यात असल्याचे 1840 साली यामामुरा ताझाएमोन या मद्यकाराने ओळखले. ते पाणी कठीण, म्हणजे क्षारयुक्त होते. क्षार हे किण्वाचे खाद्य. त्यामुळे नादात मिश्रण जोमाने आंबत असे. आकी प्रांतातील पाणी याच्या उलट, मृदू होते. नादाच्या रीतीने तेथे साके करू जावे तर किण्व मंदावे, मिश्रण अर्ध्यावर थांबे आणि पुष्कळदा सारे पिंप नासून जाई. एक पिंप नासणे म्हणजे केवळ वर्षाचा तांदूळ वाया जाणे नव्हे, तर घर बुडणे.

या संकटावर उपाय शोधला तो ताकेहाराच्या शेजारच्याच मित्सु या किनाऱ्यावरील गावच्या मिउरा सेन्झाबुरो यांनी. 1847 साली जन्मलेल्या मिउरांनी 1876 मध्ये मद्यनिर्मिती सुरू केली आणि आरंभीची वर्षे त्यांच्या पदरी अपयशच आले. पुढे त्यांनी नादाची रीत प्रत्यक्ष अभ्यासली, तरीही साके नासतच राहिली. तेव्हा दोष हाताचा नसून पाण्यातील भेदाचा आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. पाणी बदलणे शक्य नव्हते. तेव्हा रीत बदलायची असे त्यांनी ठरवले. किण्व मंद आहे ना, मग त्याच्यावर घाई लादू नये. कोजी दाण्याच्या गाभ्यापर्यंत खोल वाढू द्यावी, आणि मिश्रण थंड ठेवून सावकाश, अधिक दिवस आंबवावे. ‘शंभर प्रयोग, हजार सुधारणा’ हे त्यांचे ब्रीद होते. 1898 साली त्यांनी आपली पद्धती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ती त्यांनी आपल्या घरापुरती गुप्त ठेवली नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्ञान प्रांतातील इतर मद्यकारांना मिळाले आणि मित्सुच्या परिसरातून कुशल तोजींची एक परंपराच निर्माण झाली.

या पद्धतीने केलेल्या साकेत नादाचा रांगडेपणा नव्हता. तिला मृदुता आणि फळासारखा सुगंध होता. 1907 साली तोक्योमध्ये साकेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. नादाच नंबर पटकावणार असे बहुतेकांस वाटत असता पहिला क्रमांक मिळाला तो ताकेहारा येथीलच फुजीई घराण्याच्या साकेला. ज्या पाण्याला मद्यकार दोष देत होते त्याच पाण्याने हिरोशिमाची साके देशभर प्रसिद्ध झाली. आज जी सुगंधी, नाजूक साके उंची मानली जाते, तिचा पाया या मंद व थंड पद्धतीतच आहे.

हा बदल घडत होता त्याच काळात ताकेत्सुरु घराण्यात एक मुलगा वाढत होता. मासाताका ताकेत्सुरु यांचा जन्म 1894 सालचा. ते घरातील तिसरे चिरंजीव. लहानपणी जिन्यावरून पडून त्यांच्या नाकास मोठी दुखापत झाली आणि तेव्हापासून आपली घ्राणशक्ती तीव्र झाली, असे ते पुढे सांगत. थोरल्या भावांची वाट वेगळी असल्यामुळे घरची मद्यशाळा मासाताका चालवतील अशी अपेक्षा होती, आणि त्यासाठीच त्यांनी ओसाका येथील तंत्रविद्यालयात मद्यनिर्मितीचे शिक्षण घेतले. परंतु शिकता शिकता त्यांचे मन पाश्चात्य मद्याकडे ओढले गेले. 1916 साली ते ओसाकातील सेत्त्सु शुझो या कंपनीत दाखल झाले. त्या काळी जपानात व्हिस्की म्हणून जे विकले जाई ते साध्या मद्यार्कात रंग व वास मिसळून केलेले असे. खरी व्हिस्की कशी करतात हे शिकून येण्यासाठी कंपनीने 1918 मध्ये त्यांना स्कॉटलंडला पाठवले.

ग्लासगो विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राचे पाठ घेतले आणि मग एकेका भट्टीवर जाऊन काम पाहिले. जे पाहिले ते वह्यांत बारकाईने, आकृत्यांसह टिपून ठेवले. कोजीच्या खोलीत वाढलेल्या मुलाला आंबवण्याची क्रिया नवी नव्हती. नवे होते ते ऊर्ध्वपातन आणि ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरवणे. याच मुक्कामात रीटा कोवन या स्कॉटिश तरुणीशी त्यांचा परिचय झाला आणि 1920 च्या जानेवारीत दोघांनी विवाह केला. दोन्ही घरांची मर्जी या विवाहाला नव्हती. त्याच वर्षी दांपत्य जपानला आले, तो महायुद्धानंतरच्या मंदीने कंपनीची योजना बारगळली होती.

1923 मध्ये मासाताकांनी तोरी शिन्जिरो यांच्या कोतोबुकिया या पेढीत नोकरी धरली आणि क्योतोजवळ यामाझाकी येथे जपानची पहिली व्हिस्कीची भट्टी उभारली. पण स्कॉटलंडशी अधिक साम्य असलेले हवापाणी त्यांना हवे होते. 1934 साली त्यांनी उत्तरेकडील होक्काइदो बेटावर योइची येथे स्वतःची कंपनी काढली. व्हिस्की मुरेपर्यंत पोट भरावे म्हणून आरंभी तिथल्या सफरचंदांचा रस विकला. कंपनीच्या जपानी नावात ‘फळांचा रस’ असेच शब्द होते. त्याच नावाचे 1952 मध्ये ‘निक्का’ असे लघुरूप झाले. रीटांनी जपानी भाषा, स्वयंपाक आणि रीतिरिवाज आत्मसात केले, आणि दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्रातील स्त्री म्हणून पोलिसांचा संशयही सोसला. 1961 मध्ये त्या वारल्या. मासाताका 1979 मध्ये. त्यांच्या जीवनावर आधारलेली एक दैनंदिन मालिका 2014-15 साली जपानच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर झाली, आणि तिच्यामुळे ताकेहाराची ती जुनी गल्ली घरोघरी परिचित झाली.

मुलगा गेला म्हणून मद्यशाळा मात्र बंद पडली नाही. आप्तांनी ती पुढे चालवली. परंतु यापुढील काळ साकेच्या साऱ्याच घराण्यांना कठीण गेला. युद्धकाळात आणि त्यानंतर तांदळाची एवढी टंचाई झाली की साकेत मद्यार्क, साखर व आम्ल मिसळून एकाची तीन करण्याची रीत पडली. टंचाई संपली, पण ही रीत राहिली, कारण ती स्वस्त होती. 2006 साली कायद्यात बदल होईपर्यंत अशा मिश्रणासही साके म्हणूनच विकता येत असे. लोकांच्या जिभेवरून साकेची मूळ चव उतरत गेली. बिअर आणि द्राक्षमद्य बाजारात आले. साकेचा खप 1973 च्या सुमारास शिखरावर होता. आज तो त्याच्या चौथाईच्या आसपास उरला आहे.

या परिस्थितीत लहान मद्यशाळेपुढे दोनच मार्ग होते. एक, मोठ्या कारखान्यांशी किमतीत स्पर्धा करावी. तो मार्ग विनाशाचा होता. दुसरा, केवळ तांदूळ, कोजी आणि पाणी यांच्यापासून, वेळ लागला तरी, अस्सल साके करावी. ताकेत्सुरु मद्यशाळेने दुसरा मार्ग धरला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिने ‘किमोतो’ ही जुनी पद्धती पुन्हा सुरू केली आणि लाकडी पिंपेही वापरात आणली. विरजण सुरक्षित राहण्यासाठी त्यात आंबटपणा लागतो. 1910 च्या सुमारास त्यात तयार लॅक्टिक आम्ल घालण्याची युक्ती निघाली आणि महिनाभराचे काम सुमारे दोन आठवड्यांवर आले. किमोतोमध्ये ते आम्ल बाहेरून घालत नाहीत. तांदूळ व कोजी लांब दांड्यांनी घोटून ठेवतात, आणि दही लागावे तसे त्या जागेतील जंतूच ते आम्ल हळूहळू निर्माण करतात. या साकेला नाजूक सुगंध नसतो. चव भरीव व आंबटसर असते, वर्षे गेली तरी ती टिकते आणि गरम करून प्यायल्यास खुलते. फॅशन सुगंधी साकेची असता ही साके करणे म्हणजे ग्राहक गमावण्याचे धाडस होते. पण अशी साके आवर्जून मागणारे लोक जपानात आणि जपानबाहेरही निघाले.

ज्या मिठागरांमुळे हे सारे सुरू झाले ती 1960 साली बंद झाली. मीठ करण्याच्या नव्या पद्धतींपुढे त्यांचा निभाव लागला नाही, आणि त्या जमिनीवर आता शहराची वस्ती आहे. जुनी गल्ली मात्र 1982 साली संरक्षित म्हणून जाहीर झाली, त्यामुळे घरांची दर्शनी रूपे टिकली. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने कोजीच्या साहाय्याने साके करण्याच्या जपानी परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. हा मान मोठा आहे. पण घराची लाकडी जाळी जशी कायद्याने राखता येते तशी तोजीची विद्या राखता येत नाही. शेतकरी तोजींच्या टोळ्या जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत, आणि बहुतेक मद्यशाळांतून आता पगारी कामगार वा मालकाची मुलेच हे काम करतात. ती विद्या टिकायची तर दर हिवाळ्यास कोणीतरी कोजीच्या खोलीत रात्रीचे जागले पाहिजे, आणि ते पाहून शिकणारा एखादा तरुण त्याच्या शेजारी उभा असला पाहिजे. ताकेहाराच्या या घरात आजवर असा कोणी ना कोणी मिळत गेला. म्हणूनच थंडी आली की तेथे तांदूळ वाफवला जातो.